दुपारच्या उन्हात वर चढणारी गोळी

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहराच्या उत्तरेला बेन एव्हरी नावाचं विस्तीर्ण नेमबाजी मैदान आहे. दर फेब्रुवारीत तिथे लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजांची मोठी स्पर्धा भरते, बर्गर साउथवेस्ट नॅशनल्स. मुलूख वाळवंटी. सकाळची पहिली फेरी सुरू होताना अंगात जाड जाकिटं असतात. दुपारी तीच माणसं बाह्या दुमडून चटईवर पालथी पडलेली असतात. लक्ष्य हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर. यातल्या ‘एफ-क्लास’ प्रकारात रायफल टेकूवर ठेवून, दुर्बिणीतून नेम धरतात. कॅनडाच्या जॉर्ज फार्कहार्सन यांच्या आडनावावरून या प्रकाराला हे नाव मिळालं. त्याच्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ दहा इंच व्यासाचं असतं. जवळजवळ एक किलोमीटर अंतरावर, जेवायच्या ताटाहूनही लहान.

वारा हा या खेळातला उघड शत्रू. झेंडे, मृगजळाची थरथर, उडणारी धूळ यांवर सगळ्यांची नजर असते, कारण वारा गोळीला डावीउजवीकडे ढकलतो. पण गोळी वरखाली का जाते, याचं उत्तर बहुतेक वेळा झेंड्यांमध्ये सापडत नाही. रायफल तीच, दुर्बिणीवरचे आकडे तेच, गोळ्या तराजूवर तोललेल्या; तरी सकाळी मध्यावर बसणारा मार दुपारी वर सरकतो. या सरकण्याचं मोठं कारण काडतुसाच्या आत असतं. तिथली पावडर तापलेली असते.

हे नेमबाज काडतुसं बहुधा दुकानातून विकत घेत नाहीत, घरी भरतात. एकदा उडालेलं पितळी कवच साफ करायचं, साच्यातून दाबून मापात आणायचं, तळाशी ठिणगी देणारा नवा प्रायमर बसवायचा, तोलून पावडर ओतायची आणि वर गोळी दाबायची. अमेरिकेत हा रीतसर घरगुती छंद आहे. त्यासाठी पावडरच्या कंपन्या दरवर्षी तक्ते छापतात: कोणत्या काडतुसात कोणती पावडर, किमान किती, कमाल किती. भारतात परिस्थिती अगदी वेगळी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा गुन्हा आहे. त्यामुळे आपल्या वाचकाला हा छंद दुरूनच पाहावा लागतो. तरी त्यामागचं विज्ञान आपल्या परिचयाचं असायला हवं, कारण त्याचे काही धागे थेट आपल्या मातीत येतात.

बिनधुराच्या पावडरचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस किंवा लाकडाचा लगदा. तो सुमारे १७० अंशांच्या आसपास पेट घेतो. पावडरचा दाणा पृष्ठभागावरून आत जळत जातो. जळता पृष्ठभाग आपल्या खालच्या थराला तापवतो, तो थर पेटतो, मग त्याच्या खालचा. आता समजा, दाणा आधीच ४० अंशांवर आहे. दहा अंशांवरच्या दाण्यापेक्षा त्याला पेटायला कमी उष्णता पुरते. उन्हात ठेवलेल्या हंड्यातलं पाणी चुलीवर लवकर उकळतं, तसंच हे. पण चुलीवर जे घडत नाही ते रायफलच्या बंद चेंबरमध्ये घडतं. पावडरच्या जळण्याचा वेग दाबावर अवलंबून असतो. रायफलींसाठी बिनधुराची पावडर सर्वप्रथम बनवणाऱ्या फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनीच हा नियम मांडला. दाब वाढला की जळणं वाढतं, जळणं वाढलं की वायू जास्त, वायू जास्त की दाब आणखी वाढतो. सुरुवातीचा छोटासा फरक या चक्रात मोठा होतो.

किती मोठा? हजार यार्डांच्या खेळात आज लोकप्रिय असलेलं ६.५ क्रीडमोर हे काडतूस घेऊ. हॉर्नेडी कंपनीने ते २००७ मध्ये आणलं. न्यूयॉर्कजवळच्या ज्या जुन्या मैदानावरून त्याला नाव मिळालं, तिथे १८७४ मध्ये अमेरिकी संघाने आयर्लंडचा ९३४ विरुद्ध ९३१ अशा निसटत्या फरकाने पराभव केला होता. या काडतुसातली वजनदार गोळी नळीतून साधारण सेकंदाला ८२० मीटर वेगाने निघते. तापमानाला हळवी असलेली पावडर दर अंश सेल्सियसला सेकंदामागे अर्ध्या मीटरपेक्षा थोडा जास्त वेग बदलते. चांगली स्थिर पावडर त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकाच. सकाळच्या गारठ्यातलं काडतूस आणि दुपारी उन्हात उघड्या पेटीत राहिलेलं काडतूस यांत २५ अंशांचा फरक सहज पडतो. हळव्या पावडरचा वेग त्याने सेकंदाला १४ मीटरच्या आसपास चढतो, आणि हजार यार्डांवर गोळी जवळजवळ ३० सेंटिमीटर वर लागते. म्हणजे नेम अगदी मध्यावर असूनही मार दहाच्या आणि नऊच्या वर्तुळांबाहेर, आठात. स्थिर पावडरची गोळी सहा-सात सेंटिमीटरच चढते. ती दहातच राहते.

यात आणखी एक गुंता आहे. हवा तापली की विरळ होते, विरळ हवेत गोळीला अडथळा कमी, म्हणून त्यानेही गोळी वरच जाते. दोन्ही परिणाम एकाच दिशेने. हातात मावणारी हवामानयंत्रं हवेचं तापमान आणि दाब मोजून हवेचा हिशोब चोख देतात. पावडरचा हिशोब मात्र त्यांना नेमबाजाने सांगावा लागतो: इतक्या तापमानाला माझ्या गोळीचा वेग इतका. तो तक्ता चुकीचा भरला तर यंत्रही आत्मविश्वासाने चुकीचा आकडा देतं.

हा प्रश्न नवा मुळीच नाही, आणि त्याचा एक जुना अध्याय भारतातच लिहिला गेला. १८८९ मध्ये फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी ब्रिटिश सैन्यासाठी कॉर्डाइट तयार केलं. दोऱ्यासारख्या लांब कांड्यांच्या या दारूत पहिल्या घडणीत ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होतं. ताकद जबर, पण नळ्या लवकर झिजत. पुढे नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणलं. तरी उन्हाळ्याचा त्रास संपला नाही. इंग्लंडच्या थंड हवेत बेतलेलं काडतूस मध्य भारताच्या मे महिन्यात किंवा आफ्रिकेच्या कोरड्या उन्हात जास्त दाब देई; पितळी कवच फुगून चेंबरला घट्ट बसे आणि चाप ओढल्यावर रिकामं काडतूस बाहेरच येईना. समोर जखमी वाघ किंवा रानरेडा असताना याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको. म्हणून ब्रिटिश काडतूस उत्पादकांनी उष्ण कटिबंधासाठी कमी दारूची काडतुसं वेगळी बनवली, आणि बंदूककारांनी प्रचंड आकाराची, कमी दाबाची काडतुसं आखली. १९११ चं .४१६ रिग्बी हे त्यातलं एक. त्याचं अवाढव्य कवच आज उधळपट्टी वाटतं. मला त्यात शहाणपण दिसतं: तापमानावर ताबा नाही तर दाबाला मोकळी जागा ठेवा. शिकारी जिम कॉर्बेट यांच्याकडची .४५०-४०० ची दुनळी याच परंपरेतली.

कॉर्डाइट भारतातच बनावं म्हणून निलगिरीत कुन्नूरजवळ अरवनकाडूला विसाव्या शतकाच्या आरंभी कारखाना उभा राहिला. तो आजही चालू आहे. महाराष्ट्राचं नातं याहून जुनं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगावला रायफलींची काडतुसं बनतात, आणि भुसावळचा उन्हाळा काय असतो हे खानदेशी माणसाला विचारा. भंडाऱ्याला जवाहरनगरच्या कारखान्यात प्रणोदकं, म्हणजे गोळ्याला ढकलणारी दारू, तयार होतात. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. हजार यार्डांवरच्या गुणांची चर्चा करताना, ही वस्तू बनवणारे हात कोणत्या जोखमीत काम करतात हे विसरता येत नाही.

इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पावडर वर्षानुवर्षं साठवल्यावर बिघडते की नाही हा एक प्रश्न, आणि आज तापली तर आज जास्त जोराने जळते का हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची किंमत फ्रान्सने भयंकर मोजली. तूलाँ बंदरात १९०७ मध्ये ‘इएना’ आणि १९११ मध्ये ‘लिबेर्ते’ या दोन युद्धनौका आपल्याच कोठारातल्या बिघडलेल्या दारूने उडाल्या. नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटित होताना आम्लधर्मी वायू सोडतं, ते विघटनाला आणखी वेग देतात. डायफेनिलअमाइनसारखी द्रव्यं हे वायू शोषून घेतात म्हणून आजची पावडर दशकानुदशकं टिकते. पण डायफेनिलअमाइन टाकल्याने दुपारची गोळी खाली येत नाही. दीर्घायुषी पावडरही तापमानाला अत्यंत हळवी असू शकते. डब्यावर ‘स्टेबल’ लिहिलेलं वाचून नवे नेमबाज या दोन्ही गुणांची सरमिसळ करतात.

दुसऱ्या प्रश्नावरचं सर्वांत देखणं उत्तर मला तोफांच्या दुनियेत दिसतं. रणगाड्याची तोफ उणे चाळीसच्या थंडीतही आणि वाळवंटातही चालायला हवी. दाबाची कमाल मर्यादा सर्वांत उष्ण दिवसावरून ठरते. म्हणजे साध्या दारूने बाकीचे सगळे दिवस तोफ आपल्या ताकदीपेक्षा कमी काम करते. स्वित्झर्लंडमध्ये विमिस इथल्या नायट्रोकेमी कंपनीच्या दारूत दाण्यांना आरपार बारीक भोकं असतात आणि त्या भोकांच्या तोंडाशी बुचासारखा थर. थंडीत ही बुचं लवकर सुटतात, ज्वाला भोकांत शिरते आणि एकदम जास्त पृष्ठभाग पेटतो. उष्णतेत बुचं टिकून राहतात, भोकं उशिरा पेटतात. थंडीने मंदावलेलं जळणं जास्त पृष्ठभागाने भरून निघतं आणि उष्णतेने वाढलेलं कमी पृष्ठभागाने आवरलं जातं. लेपर्ड-२ रणगाड्याच्या १२० मिलिमीटर तोफेच्या डीएम-६३ गोळ्यात अशी दारू आहे. रसायनाशी झुंजण्याऐवजी दाण्याच्या आकाराकडून काम करून घेण्याची ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझा मनापासून सलाम.

रायफलच्या दाण्यात एवढी जागा नसते. तिथे मुख्य हत्यार म्हणजे दाण्यावरचा लेप, जो सुरुवातीचं जळणं मंदावतो, आणि दाण्याची लांबी-जाडी-भोक यांची काटेकोर जुळणी. अमेरिकेतल्या हॉजडन कंपनीचा जन्मच दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारकडे उरलेल्या पावडरच्या विक्रीतून झाला. ब्रूस हॉजडन यांनी सैन्याच्या रायफलींसाठी बनलेली ४८९५ ही पावडर घाऊक घेतली आणि घरी काडतुसं भरणाऱ्यांना किरकोळीत विकली. पुढे याच कंपनीने ‘एक्स्ट्रीम’ नावाची मालिका बाजारात रुजवली: व्हार्गेट, एच-४३५०, एच-४८३१, एच-१०००. तापमानाला स्थिर म्हणून लांब पल्ल्याच्या नेमबाजांत या नावांना मोठा मान आहे. ६.५ क्रीडमोर आणि एच-४३५० ही जोडी तर इतकी रूढ झाली की नवख्याला दुसरं काही सुचवलंच जात नाही. या पावडरी अमेरिकेत बनत नाहीत. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या मुलवाला गावच्या कारखान्यात बनतात, आणि तिकडे त्याच वेगळ्या नावांनी विकल्या जातात. व्हार्गेट म्हणजे एआर-२२०८, एच-४३५० म्हणजे एआर-२२०९.

मग प्रश्न संपला का? नाही. माझ्या मते खरी निवड इथून पुढे सुरू होते. तापमानाची स्थिरता एकट्या पावडरच्या अंगी नसते. ती पावडर, कवचाचा आकार, गोळीचं वजन, प्रायमर आणि दाब या सगळ्यांच्या जुळणीतून येते. एका काडतुसात सरळ रेषेसारखी वागणारी पावडर दुसऱ्यात वाकडी वागते. शिवाय आलेख सगळीकडे सारखा नसतो. काही पावडरी पाच ते तीस अंशांत जागच्या हलत नाहीत आणि त्यापुढे एकदम चढतात. ज्याच्या स्पर्धा पहाडातल्या थंडीत होतात त्याने ॲरिझोनाच्या नेमबाजाची पावडर डोळे मिटून घेऊ नये. डब्यावरचा दावा आणि आपल्या मैदानाचं हवामान यांत हे अंतर असतं.

हवेचं तापमान हे तर निम्मंच प्रकरण. पावडरला कळतं ते तिचं स्वतःचं तापमान. गुण धरल्या जाणाऱ्या वीस शॉटच्या फेरीत नळी इतकी तापते की हात ठेववत नाही. एफ-क्लासमध्ये नेमबाज चेंबरमध्ये काडतूस घालतो, आणि नेमका तेव्हा वारा बदलतो. तो थांबतो. अर्धा मिनिट, एक मिनिट. तेवढ्यात तापलेल्या चेंबरमधून पितळ आणि पितळातून पावडर तापत असते. वाऱ्याचा अंदाज अचूक आला आणि गोळी तरी वर गेली, असं झालं की लोक वाऱ्याला दोष देतात. अनुभवी नेमबाज वारा पाहताना रायफलचा बोल्ट उघडा ठेवतात, काडतूस बाहेर सावलीत. निर्णय झाला की काडतूस आत आणि लगेच चाप. फुकटात मिळणारी ही स्थिरता महागड्या डब्याइतकीच मोलाची आहे. काडतुसांची पेटी झाकलेली, सावलीत, उन्हात लावलेल्या गाडीच्या काचेमागे कधीही नाही. पावडरचा डबाही घट्ट बंद, कारण पावडर हवेतली ओल घेते आणि कोरड्या हवेत सोडते. कोरडी पावडर जास्त जोराने जळते. तापमानाच्या नावावर खपवलेले कितीतरी फरक मुळात ओलाव्याचे असतात.

आता मोजणीबद्दल. या छंदात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट इथे आहे. आजकाल रडारवर चालणारे छोटे वेगमापक स्वस्त झाले. कोणीही पाच काडतुसं बर्फाच्या डब्यात, पाच उन्हात ठेवतो, झाडतो, दोन सरासऱ्या काढतो आणि निकाल जाहीर करतो: अमुक पावडर तमुकपेक्षा स्थिर. हिशोब करून बघा. चांगल्या काडतुसांतही एका शॉटपासून दुसऱ्याच्या वेगात सेकंदाला तीन मीटरचं प्रमाण विचलन सहज असतं. पाच शॉटच्या सरासरीत मग १.३ मीटरची अनिश्चितता उरते आणि दोन सरासऱ्यांच्या फरकात १.९ मीटरची. स्थिर पावडर वीस अंशांत बदलणार साधारण अडीच मीटर. म्हणजे जे मोजायचं ते आणि मोजण्यातली चूक जवळजवळ सारखीच. वीस-वीस शॉट झाडले तर फरकातली अनिश्चितता एक मीटरखाली येते, तेव्हा कुठे बोलायला आधार मिळतो. प्रत्येक शॉटनंतर नळी थंड होऊ द्यायची, काडतूस डब्यातून काढून काही सेकंदांत झाडायचं. पण हे कंटाळवाणं काम आहे, वीस-वीस शॉटांनी चांगली नळी झिजते आणि पावडरही खर्च होते. म्हणून बहुतेक जण पाचावर थांबतात आणि योगायोगाला ज्ञान समजतात. यापेक्षा वर्षभर प्रत्येक सरावात तापमान आणि वेग टिपत राहणारा नेमबाज कितीतरी पुढे असतो. त्याला वेगळी चाचणी करावीच लागत नाही. डिसेंबर ते जूनच्या नोंदींतून त्याच्या रायफलचा स्वतःचा आलेख तयार होतो.

हे फक्त गुणांपुरतं असतं तर मी एवढा आग्रह धरला नसता. ६.५ क्रीडमोरच्या दाबाची अमेरिकी प्रमाण मर्यादा आहे दर चौरस इंचाला ६२,००० पौंड. हिवाळ्यात त्या मर्यादेला टेकेपर्यंत पावडर भरली तर तेच काडतूस जूनमध्ये मर्यादा ओलांडतं. बोल्ट उचलायला जड जातो, प्रायमर चपटे होतात, पितळाच्या तळावर चकाकती खूण उठते. नेमबाज याला ‘गरम’ काडतूस म्हणतात आणि काहींना त्याचा अभिमानही वाटतो. त्या अभिमानाला तांत्रिक आधार काहीच नाही. वेग दहा-पंधरा मीटरने वाढवून हजार यार्डांवर वाऱ्यात जो फायदा मिळतो तो इतका थोडा, की वाऱ्याचा अंदाज थोडासा चुकला तरी पुसला जातो. तापमानामुळे वरखाली जाणं मात्र पूर्ण टाळण्यासारखं आहे. म्हणून निवडीत वेगाचा रकाना शेवटी वाचावा. आधी वर्षातल्या सर्वांत उष्ण दिवसाचा दाब, मग उतार, म्हणजे तापमानागणिक वेग किती बदलतो ते, मग एकसारखेपणा, आणि उरलेला वेग जो असेल तो.

इंग्लंडमध्ये बिस्लीला १८९० पासून भरणाऱ्या स्पर्धांत वेगळी पद्धत आहे. तिथल्या टार्गेट रायफलच्या सामन्यांत सगळ्यांना एकाच खेपेची कारखान्यात बनलेली काडतुसं वाटतात. दुपार सगळ्यांसाठी सारखीच वर चढते. खेळ मग वाऱ्याचा आणि माणसाचा राहतो. मला ही पद्धत जास्त न्याय्य वाटते, पण पावडरविषयीचं जे ज्ञान अमेरिकी छंदिष्टांनी जमवलं ते या पद्धतीतून जन्मलं नसतं, हेही खरं.

आपले नेमबाज या प्रश्नाला तिसऱ्या बाजूने भिडतात. २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, दोघांचंही पदक ५० मीटर रायफलमधलं, .२२ च्या छोट्या काडतुसाचं. या काडतुसाचा प्रायमर कवचाच्या कडेतच असतो, ते घरी भरता येत नाही. त्यामुळे इथे पावडर निवडायची नसते, खेप निवडायची असते. आपली रायफल घेऊन कारखान्याच्या चाचणी केंद्रात जायचं, एकेक खेप झाडून पाहायची आणि ज्या खेपेच्या गोळ्यांचा लक्ष्यावरचा समूह सर्वांत लहान तिची काडतुसं घाऊक घ्यायची. लापुआ कंपनी तर बर्फात धावून नेम धरणाऱ्या बायथलॉनपटूंसाठी थंडीतली वेगळी काडतुसं बनवते. उन्हासाठी तशी वेगळी पेटी मिळत नाही. मार्च ते मे दरम्यान उघड्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलामुलींनी खेपेची चाचणी निदान एकदा तापलेल्या दुपारीही करून पाहावी असं मला वाटतं.

युक्रेनमधलं युद्ध सुरू झाल्यानंतर नायट्रोसेल्युलोज जगभर तुटवड्यात गेलं. तोफगोळ्यांना ते आधी लागतं, छंदाला नंतर. अमेरिकेतल्या दुकानांत एच-४३५० चे डबे आले की तासांत संपायचे. तापमानाला स्थिर म्हणून गाजावाजा करून आणलेली आयएमआर या ब्रँडची ‘एंड्युरॉन’ मालिका काही वर्षांत बंद झाली, आणि ज्यांनी तिच्यावर मोसमाचे हिशोब मांडले होते त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. म्हणून जाणते नेमबाज एक पावडर निवडली की एकाच खेपेचे मोठे डबे घेतात, पुढच्या एक-दोन नळ्या पुरतील इतके. दुसरी एखादी पावडरही पूर्ण मोजून, नोंदवून ठेवतात.

कंपन्यांनी मात्र यापेक्षा जास्त द्यायला हवं. डब्यावर ‘तापमानाला स्थिर’ एवढंच न छापता, कोणत्या काडतुसात, कोणत्या प्रायमरने, किती तापमानांना, किती शॉट झाडून तो उतार काढला आणि त्यात चूक किती, हे सांगावं. दाबाचा आलेख वेगाच्या शेजारी असावा, कारण हाताला आणि डोळ्याला धोका दाबाचा असतो. चाचण्या त्यांच्या प्रयोगशाळांत आधीच झालेल्या असतात. लेबलावर चार ओळी वाढवायच्या आहेत.